घळीतलं गोड पाणी

बाबा, तोंडाने मी तुम्हाला जन्मभर ‘तू’ म्हणालो, आपल्याकडे बापाला तसंच म्हणतात. पण कागदावर हात आपोआप ‘तुम्ही’ लिहितो. मास्तरकीची खोड, दुसरं काय. तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे मी आलोय. खारघरच्या या आठव्या मजल्यावर सकाळी टेबलावर ऊन येतं, आणि आज का कोण जाणे, ते मला कच्छचं वाटलं.

सन एकसष्ट-बासष्टचा सुमार असेल. दिवाळी झालेली, मिठाचा हंगाम लागायला महिना होता. लष्कराच्या लिलावातून आणलेली तुमची जीप एरवी फावडी आणि फळ्या वाहायची. एका सकाळी तुम्ही म्हणालात, “चल, कच्छचं मीठ बगून येऊ. आपल्यापेक्षा पांढरं हाय म्हनं.” आई चुलीपासून म्हणाली, “घरच्या खाडीला मीठ कमी पडलं का? मला कदी पनवेलच्या पुढं नाय नेलं.” तुम्ही हसत मागे पाण्याचे दोन डबे बांधलेत. या हंगामापासून मी तुमच्याबरोबर मिठागरावर उभं राहायचं, हे तुम्ही मनात धरून चालला होता. माझ्या खिशात मात्र शाळेतल्या मराठी शिक्षकाच्या नेमणुकीचं पत्र होतं. वाटेत सांगू, असं म्हणून गाडीत बसलो. ठाणं मागे पडलं, सुरत मागे पडली, चार दिवस गेले; पत्र खिशातच.

मीठ आपण अर्ध्या दिवसात पाहिलं. चिमूटभर जिभेवर ठेवून तुम्ही निकाल दिलात, “पांढरं हाय, पन चव आपलीच बरी.” मग चहावाल्याने सांगितलं, पुढच्या उजाड मुलखात नदीने कातळ कापलाय, आत बारमाही पाण्याचे डोह आहेत. तुम्ही कप अर्धा टाकून उठलात. रस्ता असा नव्हताच. कोरड्या नदीच्या वाळूतून जीप धडपडत चालली आहे, एक डबा गळून रिकामा झालाय, दुसरा इंजिनाने पिऊन टाकलाय, आणि तुम्ही गाताय. मग अचानक जमीन दुभंगते. तांबूस, पिवळे, शेंदरी कातळ, जणू कुणी ओली माती बोटांनी वळवून तशीच सुकू दिली. आपण सपाट चिखलाची माणसं. खोल असं काही आपण पाहिलंच नव्हतं. पन्नाशीचे तुम्ही, वहाणा हातात घेऊन धावत उतरलात.

खाली हिरवं, निवांत पाणी होतं. तुम्ही बोट बुडवून जिभेला लावलंत, मिठागरावर लावता तसं. खाडीकाठी त्या जिभेचा दबदबा होता. दुसऱ्यांच्या आगरातली माणसं करवंटीत खारं पाणी घेऊन यायची, आणि मीठ कोणत्या दिवशी धरेल ते तुम्ही एका थेंबावर सांगायचा. “गोड हाय,” तुम्ही म्हणालात. मी दोन ओंजळी प्यालो. मला खारट लागलं. तीस वर्षं मिठाचं पाणी चाखलेल्या जिभेला एवढासा खारटपणा कळतच नव्हता.

“कसं हाय रं?”

“गोड,” मी म्हणालो.

तुम्ही खुशीत डबा भरायला घेतलात. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक बाई आली आणि आपल्याला पाहून पोट धरून हसली. मिठाच्या व्यापाऱ्यांमुळे तुम्हाला मोडकी गुजराती येत होती. ती म्हणत होती, हे शेळ्यांचं पाणी. माणसांचं वर, त्या कपारीत. आपण वर चढलो. तिथलं पाणी काळंभोर, गार, आणि खरोखरच गोड. पोटभर प्यालो, तोंडं धुतली. मग तुम्ही माझ्याकडे वळलात.

“तुला ते खारट लागलं व्हतं?”

“हो.”

“मंग बोलला का नाय?”

“तुझी जीभ कदी चुकली नाय, बाबा.”

“आज चुकली ना? उंद्या परत चुकंल. तू पन गोडच बोलाया लागलास तर मी कोनाला इचारू?”

मी खिशातून पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. तुम्ही ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलंत.

“म्हंजे मिठावर येनार नाय.”

“नाय.”

“वर्गात दिवसभर कविताच म्हननार?”

“म्हननार.”

“आनि त्याचा पगार देतात?” असं म्हणून तुम्ही इतके खदखदून हसलात की सगळी घळ तुमच्यामागून हसली. मग मांडी घालून बसलात. “म्हन बगू एक. कसला मास्तर हायस ते तरी कळू दे.”

मला तेव्हा शेकडो कविता पाठ होत्या. त्या क्षणी मात्र एकही आठवली नाही. चार ओळी म्हटल्या, कातळाच्या कुशीत निजलेल्या पाण्याच्या. शेवटचे शब्द समोरच्या भिंतीने परत म्हटले. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता.

“कोनाची?”

“पुस्तकातली आहे.”

“ज्यानं लिवली तो हितं येऊन गेलेला हाय,” तुम्ही कातळावर थाप मारलीत.

परतताना ती तुम्ही माझ्याकडून किती वेळा म्हणवून घेतलीत. सुरतेला तर चहाच्या टेबलावरच्या परक्या माणसालाही ऐकायला लावलीत. पुढे बांधावर चालतानाही ती गुणगुणायचा, दोन शब्द हमखास चुकवून. मी ते कधी सुधारले नाहीत.

हा कागद घडी करून मी वहीतच ठेवणार, दुसरं करणार काय? पण खरं बोलायला तुम्ही ज्या घळीत शिकवलंत, तिथेच मी पुढच्या घटकेला पुन्हा खोटं बोललो. लाजलो होतो, बाबा. ती कविता कुठल्याच पुस्तकात नव्हती. ज्याने लिहिली तो तिथे आला होता खरा. तुमच्या शेजारी बसला होता.