सात पक्षी कुंकवाचे

रानातला तळ, उत्तर ऑस्ट्रेलिया
८ ऑक्टोबर २०२५

ती. शुभाआत्यास,
देवदत्तचा सा. न. वि. वि.

तू म्हणणार, याने पूजा नीट केली नसेल! केली गं बाई, तूच दिलेल्या पुडीने केली. खंडेनवमीला हत्यारं पुजायची. आमचं हत्यार म्हणजे नीनाबाईंचा कॅमेरा; मी नुसता त्यांचा मदतनीस. दुपारी त्या झोपल्या होत्या तेव्हा बाहेरून हळद-कुंकू लावलं. मग लेन्स काढून आतही चिमूटभर वाहिलं. देवाला वरवरचं चालत नाही, हे तुझंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणवठ्यावर रानपोपटांचा थवा आला. तिकडे अमेरिकेत, शॉमबर्गात, तुमच्या शेजारच्या नेत्राच्या पिंजऱ्यात दोन आहेत ना, तेच हिरवे चिमुकले, पण हजारो! बाईंनी फोटो काढला. नंतरच्या फोटोंत मोकळ्या आकाशावर सात काळे ठिपके दिसले, तेव्हा त्यांनी इथल्या लाल धुळीला शिव्या घालत कॅमेरा साफ केला. मी नुसतं फडकं पुढे केलं. थव्याच्या फोटोत मात्र ठिपके पक्ष्यांत मिसळून गेलेत. तोच फोटो बाई एका छायाचित्रांच्या स्पर्धेला पाठवणार आहेत. नियम असा की चित्रात खरं तेवढंच हवं. आत्या, त्यातले सात पक्षी कुंकवाचे आहेत.

सांगितलं तर हाकलतील. डिसेंबरपर्यंत नोकरी पक्की नाही झाली, तर मनोहरकाकांच्या ऑफिसात बसेन, असा शब्द दिलाय मी तुम्हा दोघांना. काय करू? इथे रेंज नाही, टपालाचं विमान फक्त बुधवारी येतं. लवकर लिही.

तुझा,
देवदत्त

शॉमबर्ग
२४ ऑक्टोबर २०२५

चि. देवदत्तास अनेक आशीर्वाद.

कॅमेऱ्याच्या पोटात कुंकू घालायला मी सांगितलं नव्हतं. उद्या तुला गाडी पुजायला सांगितली तर पेट्रोलच्या टाकीत फुलं घालशील! अकरावीत शाळा सोडलीस तेव्हाच हे म्हणाले होते, मुलगा हुशार आहे, फक्त पुढचं वाक्य ऐकत नाही.

दिवाळी झाली. तिकडच्या कस्टमवाल्यांच्या भीतीने चिवडा पाठवला नाही. तुझ्या वाटचा यांनीच संपवला.

आता ऐक. त्या बाईंना सांगून टाक. तू म्हणशील, आत्याला मी परत यायला हवाय म्हणून ही शहाणपणाची गोष्ट. हवाच आहेस. यांनी खुर्चीसुद्धा मागवून ठेवली आहे, मागेपुढे झुलणारी. पण खोटा पक्षी पोटात ठेवून तू परत आलास तर मला नको.

पाण्याची बाटली जवळ ठेव, साप दिसला तर आधी पळ, फोटो नंतर.

तुझी,
आत्या

रानातला तळ
१९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.

सांगितलं. बाई न्यू जर्सीत जन्मलेल्या, मराठी ‘पाणी दे’पर्यंतच. कुंकू मात्र त्यांना लगेच कळलं. पहिल्या गाडीच्या बंपरवर त्यांच्या आईने नारळ फोडला होता म्हणे, पोचा अजून आहे. एवढं बोलून त्या एकट्याच पाणवठ्यावर निघून गेल्या. मी सामान बांधलं.

संध्याकाळी त्यांनी फोटो समोर ठेवला आणि ते सात दाखव म्हणाल्या. मी बोट ठेवत गेलो. पाच त्यांना स्वतःला सापडले नव्हते. सातव्यावर तर त्या माझ्याशी भांडल्या, हा खराच पक्षी आहे म्हणून. मोठा करून पाहिला तर ना पंख, ना चोच.

स्पर्धा गेली. कॅमेऱ्याच्या साफसफाईचे पैसे माझ्या पगारातून कापले. त्यांच्या फोटोंत दोष शोधायला पुढची दोन वर्षं मी त्यांच्याकडे. कागदावर सही झाली. येत्या मार्चमध्ये पश्चिमेला मगरींकडे.

काकांना सांग, खुर्चीत त्यांनीच झुलावं. तू रडू नकोस, आणि रागावलीस तरी लिहीत राहा; बुधवारी माझ्या नावाचं काही नसलं की तो वैमानिक माझी फार कीव करतो.

तुझाच,
देवदत्त

ता. क. विमानतळावर तू माझ्या खिशात कोंबलेले परतीच्या तिकिटाचे पैसे आता लागणार नाहीत. ते बाईंना देऊन त्यांच्याकडून तुझ्या नावाचा चेक घेतलाय, पाकिटातच आहे: नऊशे डॉलर.