ह्यांच्या कॉफीला लागलेला किडा

२८ जून
पोतं हलवलं तर खाली पिवळं पीठ. बियांना टाचणीएवढी भोकं. ह्यांनी लावलेल्या कॉफीची, ह्यांच्याच हातची शेवटची तोड, जानेवारीतली. फेब्रुवारीत हे गेले, तेव्हापासून पोतं उघडलंच नव्हतं मी. चूक माझीच. वाळवायला ऊन हवं. पाटणला आता ऊन कुठलं.

२९ जून
दीर आले. "वैनी, इषारी गोळी टाका की पोत्यात. दोन दिसांत खेळ खलास."
"भावजी, त्याच खोलीत मी निजते. माझाबी खेळ खलास व्हईल."
हसले. गोळी परत खिशात.

४ जुलै
चाळून किडे काढले. निम्म्या बियांना एरंडेल चोळलं, गव्हाला चोळतो तसं. हात सवयीनेच चालले. धाकटी जाऊ सुमन दारात उभी. "आवं अक्का, पाव्हण्यांना कॉफी पाजायची का जुलाब?" मी तिलाच वेड्यात काढलं.

५ जुलै
त्यातली मूठभर भाजली. घरभर धूर. एक घोट घेतला, थुंकला. तेल आत मुरलंय, पुसून निघेना. निम्मी तोड मीच घालवली. हे असते तर म्हणाले असते, "सुभेदाराची बायको, आणि हुकूम न वाचता फायरिंग!"
मग ह्यांच्या ट्रंकेतली कॉफीची पुस्तिका काढली. पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली मी, बोट ठेवून दोन पानांना दुपार गेली. कडुनिंब, निर्गुडी. पाला सावलीत वाळवून बियांत ठेवायचा. तेलाचं नावसुद्धा नाही.

११ जुलै
पावसात सावलीला सुकेना, म्हणून पाला चुलीवर टांगून वाळवला. बियांना वास लागू नये म्हणून कापडाच्या पुरचुंड्या. कापड ह्यांच्या निळ्या सदऱ्याचं. सकाळी कात्री घेतली, कापला दुपारी. बाह्या ठेवल्या.

२ ऑगस्ट
पोतं उघडलं. मेलेले किडे बरेच. जिवंत दोन, तेही सुस्त. पीठ अगदी थोडं. पाला बदलला. सुमनला कौतुकाने सांगितलं तर म्हणे, "अक्का, आता गव्हालाबी इचारून तेल लावा."

२७ ऑगस्ट
शोभा आली सांगलीहून. लेकीसाठी पाल्यातल्या दोन मुठी भाजल्या. पहिला घोट घेऊन तिने कप खाली ठेवला.
"पाला लागतोय का गं?"
"न्हाई. आप्पा करायचे तश्शी झालीय." डोळे पुसले, आणखी मागितली.
मग पोतं बघायला गेलो. एक किडा चालत होता.
"आई, सगळी भाजू. किड्यानं खाण्यापरीस आपण पिऊ. आप्पांनी हेच केलं असतं."
खरं आहे. पण भाजली की चार महिन्यांत संपेल. मग ह्यांच्या हातचं काय राहिलं घरात.
"बघू," मी म्हणाले.
शोभा कढई घासून चुलीवर ठेवून ओढ्यावर गेली. मी पोत्यातल्या चार बिया मुठीत घेऊन कानाशी धरल्यात. आत काही कुरतडतंय का, कळेना...