दोन सह्यांचं पाणी

प्रिय वरच्या,

हे पत्र तुझ्या हाती पडायला अकरा-बारा दिवस तरी लागतील. काल पोस्टात चौकशी करून आलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पलीकडचं टपाल आता आधी राजधानीला जातं, तिथे तपासलं जातं आणि मग तुमच्या प्रांताच्या थैलीत पडतं. मी म्हटलं, बाई, पुलावरून पाव तासाचा रस्ता आहे हो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "होता, काका." तेव्हा तुझ्याआधी कुणीतरी हे फोडून वाचेल. वाचू दे. वाचलंच तर बरं.

आमचं म्हणशील तर चाललंय. माझे गुडघे गेले, हिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याची तारीख सारखी पुढे जाते आहे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पहाटे साडेपाचला जाग येते आणि सहाची नोंद राहिली या धास्तीने उठून बसतो. मग ही पडल्या पडल्या सांगते, झोपा, नदी कुठे जात नाही. आपली खोली बंदच आहे. आमच्या बाजूने पुलाच्या खांबाला आता एक यंत्र बसवलंय, तुमच्या बाजूनेही बसवलंय म्हणे, आणि दोन्ही यंत्रांचे आकडे कधी जुळत नाहीत. दोन्ही सरकारं आपापला आकडा रोज छापतात. एकाच नदीला दोन पातळ्या आहेत आणि त्याचं कुणालाही नवल वाटत नाही.

आपण दोघं एकाच आठवड्यात कामाला लागलो ते आठवतं? देश स्वतंत्र झाल्यावर बाराव्या वर्षी पाण्याचा करार झाला, आणि करार करणाऱ्यांचा एकमेकांवर एवढा विश्वास होता की पाणी मोजायला दोन माणसं नेमली, एक वरच्या प्रांताचा, एक खालच्या. पुलाच्या मध्यावर एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, एक नोंदवही. खांबावरची पट्टी दोघांनी मिळून वाचायची, आकडा एकाने लिहायचा, सह्या दोघांच्या. आपल्या आधीची जोडी म्हणे एकमेकांशी बोलतही नसे. आपणही पहिले सहा महिने अर्ध्या अर्ध्या इंचावरून भांडलो. तू गुडघे टेकून, लाट बसेपर्यंत वाट बघत राहायचास आणि मी मागे उभा राहून चरफडायचो. पुढे कधीतरी लक्षात आलं की तुझाच आकडा बरोबर असतो. तेव्हापासून मी भांडणं सोडलं आणि तू मला डब्यातलं लोणचं द्यायला लागलास.

नावं तर आपली कुणाला माहीतच नव्हती. तू वरचा, मी खालचा. नवा शिपाई आला होता तेव्हा मी त्याला म्हटलं, रजेचं मला विचारू नकोस, वरच्याला विचार. बिचारा दोन दिवस आभाळाकडे बघत होता. तू किती हसला होतास त्या दिवशी.

आणि तो फोटो. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा केंद्राचा फोटोग्राफर आला, नोंदवहीवर आपल्याला हात मिळवायला लावले आणि तो फोटो चौथीच्या नागरिकशास्त्रात छापला, एकात्मतेच्या धड्यात. मी नेमका शिंकत होतो, डोळे मिटलेले. तुझी थोरली मला कितीतरी वर्षं झोपलेले काका म्हणायची. आमच्याकडे पुढची आवृत्ती आली त्यात फोटो तोच आहे, पण कापलेला. मी एकटा, डोळे मिटून, कुणाच्या तरी मनगटाशी हात मिळवतोय. तुमच्या पुस्तकात बहुधा उरलेला अर्धा असेल.

एक गोष्ट आपल्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. नियमाप्रमाणे एकाला रजा हवी असली की त्याच्या प्रांताने बदली माणूस पाठवायचा, आणि तो यायला चार-चार दिवस लागायचे. कुणाचं मूल तापाने फणफणलंय, कुणाची आई गेली, त्याला चार दिवस कसं थांबणार? मग आपण तोड काढली. जाणाऱ्याने कोऱ्या पानांवर सह्या करून ठेवायच्या, राहणाऱ्याने पट्टी वाचून आकडे भरायचे. बावीस वर्षांत कितीदा केलं असेल हे. हिचं पोट फाडलं तेव्हा मी नऊ दिवस दवाखान्यात होतो. परत येऊन बघितलं तर माझ्या सह्यांवरचे आकडे तुझ्या त्या किरट्या अक्षरात, चौथाई इंचापर्यंत. शिवाय वहिनी रोज संध्याकाळी पूल ओलांडून माझ्या पोराला जेवू घालून जात होत्या. मी आभार मानले नाहीत. तूही कधी ते बोलून दाखवलं नाहीस.

आता त्या दुष्काळाच्या सालाकडे येतो. त्याला इतकी वर्षं वळसा घालून जातो आहे, या पत्रातही तेच चाललंय.

तुझ्या थोरलीचे दिवस भरले होते आणि शहराच्या दवाखान्यातून निरोप आला की अवघड आहे, लवकर या. महिना संपत आलेला. एक तारखेची सकाळची नोंद करारात सगळ्यात महत्त्वाची, पाणी दहा फुटांच्या खाली गेलं की तुमच्या धरणाचे दोन दरवाजे उघडायचे. तू घुटमळत होतास. मीच म्हटलं, जा रे, मी बघतो. तू तीन पानांवर सह्या केल्यास आणि निघालास.

तू गेलास त्याच दुपारी आमचे साहेब आले. जीप पुलाच्या टोकाला उभी करून चालत आले, तेव्हाच मला काहीतरी खटकलं. तुझ्या खुर्चीवर बसले. आमच्याकडच्या पिकांचं सांगितलं, ते खरंच होतं. मंत्र्यांवर किती दबाव आहे ते सांगितलं, तेही खरंच असेल. मग म्हणाले, "पट्टी काय, लाटेवर असते. माणूस वाचेल तसं." जाता जाता दारात थांबून माझ्या मुलाची विचारपूस केली. सहा वर्षं तो खात्यात रोजंदारीवर होता. "कायम करायची यादी माझ्याच टेबलावर आहे," एवढंच म्हणाले. धमकी नव्हती. अगदी घरच्यासारखं बोलले.

एक तारखेला सकाळी मी पट्टीसमोर गुडघे टेकून बसलो, तुझ्यासारखा. वारा नव्हता. लाट नव्हती. आकडा स्वच्छ दिसत होता. वर खोलीत आलो आणि दुसराच लिहिला. तुझी सही तिथे आधीपासून होतीच.

संध्याकाळी तुमचे दरवाजे उघडले आणि पाणी चढलं, त्यामुळे ताडून बघायला काही उरलं नाही. दोन दिवसांनी तू आलास. चष्मा काढलास, पुसलास, परत लावलास आणि ते पान वाचलंस. बराच वेळ वाचलंस, ओळ तर एकच होती. मी खिडकीशी उभा. मग वही मिटलीस आणि म्हणालास, "मुलगी झाली रे. दोघी सुखरूप आहेत." आणि सहाची नोंद घ्यायला खाली उतरलास.

तुला तेव्हाच कळलं होतं. मला हे त्याच क्षणी समजलं होतं, आणि तरी नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कदाचित नसेलही कळलं.

पुढचं तुला मी काय सांगू. तुमच्या धरणावरच्या माणसांना आकडा जुळेना, त्यांनी ओरड केली. आमच्या मंत्र्यांनी सभागृहात ते पान नाचवलं आणि म्हणाले, ही बघा तुमच्याच माणसाची सही. तिथून सगळं हाताबाहेर गेलं. तुमच्याकडे आमच्या गाड्या जाळल्या, आमच्याकडे तुमची दुकानं फोडली. चार माणसं गेली. त्यातला पंपावरचा ऑपरेटर तर दोन्हीकडचा होता, आई तिकडची, बाप इकडचा. नेमकं कोणी मारलं ते अजून ठरलेलं नाही. पुलावर आधी वाळूची पोती आली, मग तारा, मग चौकी. करार गुंडाळला गेला. देश एकच आहे असं अजून नाण्यांवर लिहिलेलं असतं.

माझा मुलगा त्याच महिन्यात कायम झाला.

तुला निलंबित केल्याचं पेपरात वाचलं. तुमच्याकडे तुला पाणीविक्या म्हणतात, हे एका ट्रकवाल्याकडून कळलं, तोही हसत सांगत होता. त्या दिवशी मी जेवलो नाही. ही ताट आवरता आवरता म्हणाली, "त्या एक तारखेलाही तुम्ही असेच उठला होतात." बाकी काही विचारलं नाही. बायकांना कुठून कळतं देव जाणे, आणि कळलेलं त्या किती वर्षं सांभाळून ठेवतात.

निवृत्त झाल्यावर मी खात्याला अर्ज केला. काय केलं ते सरळ लिहिलं. दोन महिन्यांनी अर्ज परत आला, तीन प्रतींत आणि विभागप्रमुखांमार्फत पाठवावा म्हणून. तीन प्रतींत पाठवला. विभागप्रमुख म्हणजे तेच साहेब, आता बरेच वर चढलेले. उत्तर आलं की सदर संचिका बंद झाली आहे. मग मी केंद्राला लिहिलं. केंद्राने लिहिलं की हा प्रांतांचा विषय आहे. गुन्हा कबूल करायला एवढी वणवण करावी लागते हे मला माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात नवा चौकशी आयोग बसला, तिसरा. मला साक्षीला बोलावलं. आमच्या वकिलांनी आदल्या दिवशी पढवलं, फक्त दोन्ही सह्या खऱ्या आहेत एवढंच म्हणा, आजोबा. बाहेरच्या बाकावर बसलो असताना त्यांनी मला संचिका चाळायला दिली आणि त्यात तुझा जबाब सापडला. तुला विचारलं होतं, ही सही तुमची का? तू म्हणालास, माझी. विचारलं, पातळी तुम्ही वाचली का? तू म्हणालास, जिथे माझी सही आहे तिथली जबाबदारी माझी. सोळा वेळा फिरवून फिरवून विचारलंय आणि सोळा वेळा तेच उत्तर. तू त्या दिवशी दवाखान्यात होतास एवढं एक वाक्य बोलला असतास तर सुटला असतास. पण मग कोऱ्या सह्यांचं निघालं असतं आणि दोघंही गेलो असतो. म्हणून तू एकटा गेलास. बाकावर बसून मी ते पान तीनदा वाचलं, नंतर अक्षरं दिसेनात.

आत गेलो आणि सगळं सांगायला सुरुवात केली. कोऱ्या सह्यांपर्यंत आलो असेन, तोच आमचे वकील उठले, साक्षीदाराचं वय झालंय, हे नोंदीत घेऊ नये. पाठोपाठ तुमचेही वकील उठले, आमचीही तीच हरकत आहे. माझ्या लक्षातच येईना. आमच्यांना तो आकडा हवाय, कारण त्यावर त्यांची मागणी उभी आहे. तुमच्यांना तू हवायस, कारण करार मोडल्याचा दोष घालायला एक माणूस लागतो. नऊ वर्षं या दोन प्रांतांचं एका शब्दावर जमलं नव्हतं, ते माझं तोंड बंद करण्यावर जमलं. अध्यक्ष म्हातारे, थकलेले, माझ्याच वयाचे. त्यांनी दोघांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि स्टेनोला म्हणाले, हे वगळा. तिने रेघ ओढली. मला पाणी विचारलं आणि बाहेर आणून सोडलं.

मुलाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "सांगायचं होतं तर तेव्हा सांगायचं होतंत, बाबा. आता मला दोन पोरं आहेत." त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. गेले दोन रविवार तो आलेला नाही. ही त्याच्या वाटणीचं झाकून ठेवते आणि संध्याकाळी आम्हीच खातो.

माफी मागायला मी हे लिहीत नाहीये. ती मागितली तर तुझ्या स्वभावाप्रमाणे तू देऊन टाकशील, आणि मला ते झेपणार नाही. लिहितोय ते एवढ्यासाठी की कुठल्याच सरकारला माझा जबाब नको आहे, तेव्हा तो ज्याचा आहे त्याच्याकडे पाठवतो आहे. तीन प्रती काढल्या आहेत, एक तुला, एक तुझ्या थोरलीला, एक तुमच्याकडच्या पेपराला, तिन्ही वेगवेगळ्या पेट्यांत टाकणार आहे, एखादी तरी पोचेल. मुलाला तसं सांगून ठेवलंय. तू लपवू नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नाही. त्या एक तारखेला सकाळी सहा वाजता पुलापाशी पाणी दहा फूट चार इंच होतं. मी नऊ फूट आठ इंच लिहिलं. पट्टी मी एकट्याने वाचली, खोटा आकडा मी एकट्याने भरला, आणि तू त्या दिवशी इथे नव्हतास.

तुझाच,
खालचा