कटर मंजुषाला, म्हैस वैजिनाथला

मी, कौशल्याबाई शहादेव केकाण, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी (पास का नापास ते मास्तरालाच माहीत), धंदा लाकूड कापणे, राहणार किल्ल्याखालची गल्ली, धारूर, जिल्हा बीड, डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. कुणी दमदाटी केलेली नाही. मला दमदाटी करणारा अजून पैदा व्हायचा आहे.

सोमवारी पित्ताचे खडे काढायला दवाखान्यात जायचं आहे. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तिसऱ्या दिवशी घरी जाल, मृत्युपत्र कशाला?" मी म्हणलं, माझं लाकूड कापायचं कटर मशीनपण मिस्त्री तिसऱ्या दिवशी देणार होता, दोन महिने लागले.

खरं कारण माझी मुलगी मंजुषा. चार वर्षं माझ्याबरोबर वाऱ्यानं पडलेली झाडं कापायला येते आणि मी तिला नुसत्या फांद्या ओढायला लावते. परवा म्हणाली, "आई, कटर माझ्या हातात कधी देणार हायस?" मी म्हणलं, "मेल्यावर." "मग तसं लिहून दे." म्हणून लिहिते.

कलम १. घर. दोन खोल्या, वर पत्रे. मंजुषाला. लग्न केलं तरी तिचं, न केलं तरी तिचं. न्हाणीचं दार लागत नाही. दहा वर्षं "उद्या करते" म्हणत आले, ते कामही तिलाच.

कलम २. म्हैस. माझे दीर वैजिनाथ यांना. इथं एक कबुली द्यायची आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या कपाळाला सात टाके पडले. गावाला सांगितलं, म्हशीनं उडवलं. साफ खोटं. कटरच्या मुठीपुढं हाताच्या आडोशाला पत्र्याचा गार्ड होता. वैजिनाथ भाऊजींनी तो काढला. म्हणाले, "वहिनी, मधी येतंय ते, लई नखरे हायत." त्यांना काय दोष द्यायचा, पाना मीच हातात दिला होता, वर हसले होते. आठवड्यात बाभळीच्या गाठीला चेन फिरते त्या पट्टीचं टोक लागलं आणि मशीन उलटून तोंडावर आलं. डोक्याला टॉवेल बांधला होता म्हणून आज लिहिते आहे. म्हशीनं त्या दिवशीही नेहमीइतकंच दूध दिलं. तेव्हापासून भाऊजी गोठ्यासमोरून जाताना पार पलीकडच्या भिंतीला घासून जातात. भाऊजी, ती गरीब आहे. न्या.

कलम ३. चुकीच्या चेनी, नग तीन. आमचं कटर जुनं, माझ्या लग्नाच्याही आधीचं. मालकांनी माजलगावच्या भंगारातून आणलं होतं. मालक साखरेच्या आजारानं गेले, कटर अजून चालतंय. त्याची चेन आता सहज मिळत नाही. पहिली मी सुतळीनं माप घेऊन आणली, बसली नाही. दुकानदार म्हणाला, दात मोजून आणा. मोजले, मोजतच राहिले, कारण चेन गोल असते आणि सुरुवात कुठून केली हे मी विसरले. अशी दुसरी चुकली. तिसरीबद्दल विचारू नये. शेवटी मंजुषानं एका दाताला नखपॉलिश लावलं, एकदाच मोजले, बरोबर निघाले. या तीन चेनी फाटकाला बांधाव्यात. माझ्या हुशारीची तेवढी आठवण पुरे.

कलम ४. कटर. योगीराज मिस्त्रींनी त्याला नवा गार्ड बसवला. तो पुढं ढकलला की ब्रेक लागतो, चेन जागीच थांबते. चेन तुटली तर अंगावर येऊ नये म्हणून खाली अडवणारी खुंटी बसवली. मुठीला रबर घातलं. जाळीचं हेल्मेट आणलं, ते मी घालत नाही, केस चपटे होतात. कटर त्यालाच मिळावं जो पदर खोचून वर शर्टाची बटणं लावील, हेल्मेट घालील, मशीन जमिनीवर ठेवून मागच्या मुठीत पाय रोवील, ब्रेक लावील आणि मगच चालू करायची दोरी ओढील. हातात लोंबकळतं ठेवून दोरी ओढणाऱ्याला कटर मिळणार नाही, मग तो कितीही जवळचा असो.

इथपर्यंतची कलमं आज साक्षीदारांना वाचून दाखवली. योगीराज मिस्त्री म्हणाले, "काकू, ह्या अटी तुमाला लागू हायत का न्हाईत?"

"मला कावून? माझंच मशीन हाय."

"मग करून दाखवा की."

मी रुबाबात कटर उचललं आणि वीस वर्षांच्या सवयीनं हातातच लोंबकळत ठेवून दोरी ओढली. ब्रेक आठवलाही नाही. चेन फिरत खाली आली, माझ्या उजव्या चपलेचं टोक उडालं. अंगठा वाचला. शेजारच्या छबुबाई, दुसऱ्या साक्षीदार, ओरडल्या, "अगं बया! आता कोणत्या म्हशीचं नाव घेणार हायस?"

मंजुषा पुढं आली. तिनं कटर बंद केलं, जमिनीवर ठेवलं, हेल्मेट घातलं, पाय रोवला, ब्रेक लावला, दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. चेन जागची हलली नाही.

कलम ५. वरच्या अटींप्रमाणे कौशल्याबाई केकाण ही बाई नालायक ठरली आहे. मंजू, तुझ्या कपाळाची भीती वाटत होती म्हणून कटर दिलं नाही, हे अर्धं खरं. मांजरसुंब्याचे ढाबेवाले भट्टीच्या लाकडासाठी "कटरवाल्या काकू" म्हणून फोन करतात. कटर गेलं तर नुसती काकू उरेल, याचीपण भीती होती. तरी कटर मेल्यावर नाही, आजपासून तुझं. दवाखान्यातून आले की फांद्या मी ओढीन. हेल्मेट घालून. केस गेले खड्ड्यात.

बाकी कलमांसाठी सगळ्यांनी मी मरेपर्यंत थांबावं.

सही: कौशल्याबाई शहादेव केकाण
ठिकाण: धारूर, जि. बीड
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१) योगीराज त्रिंबक शेटे, मिस्त्री. सही माझ्यासमोर केली.
२) छबुबाई सटवा तोंडे, शेजारीण. सही माझ्यासमोर केली. चप्पलपण माझ्यासमोरच कापली. म्हैस गोठ्यात बांधलेली होती.