सगुणाचा चिंचोका

दवनीवाडा, मार्गशीर्ष वद्य पंचमी

आज नातीले, सगुणाले, पाहायले पाहुणे आले होते. होणारा सासरा हसत म्हणाला, "हेच का बुद्धिबळवाली पोरगी? मांड मंग पट!" मले कोण आनंद झाला! गोंदियाच्या रेलवेच्या गोऱ्या साहेबाले हरवलेली पोर आहे माझी. तिचा डाव पाहायले कामठ्याहून बैलगाड्या येतात. पटातलं एक प्यादं हरवलं, त्याच्या जागी आम्ही चिंचोका ठेवतो. सगुणानं त्या चिंचोक्यानंच समोर बसलेल्या म्हाताऱ्या सासऱ्याच्या राजाले मात दिली. प्याद्यानं मात म्हणजे सगळ्यात मोठी जीत, असं तिचा बाप सांगते. मी तर टाळ्याच पिटल्या. चहा सांडला, सांडो.

म्हातारा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं काय? म्हणाला, "हुशार आहे, पसंत आहे. पण आमची सून परक्या माणसांपुढं बसत नाही. पट इथंच राहू द्या." अन् लग्न ठरल्याचा गूळ वाटला. तिच्या बापानं खाल्ला. मी बी खाल्ला. कायले खाल्ला?

संध्याकाळी सगुणानं पट आणून माझ्या मांडीवर ठेवला. "आजी, आता तू खेळ."

"मले घोडा कसा चालते ते बी नाही माहीत, बाई."

"मंग राहू दे," म्हणाली, अन् भांडी घासायले गेली. रडली असती तर मी जवळ तरी घेतलं असतं.

चिंचोका अजून माझ्या मुठीत आहे. तो पटावर कुठं मांडायचा, ते बी तिलेच विचारावं लागल.