उशिरा मिळावं म्हणून घेतलेलं घड्याळ

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि मगच घातला. काचेवर चरा पडला तर?) तुझे गुडघे, आतोबांचा खोकला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं तुझं भांडण, तिन्हींची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो.

आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, माझी झोप तेवढी उडाली आहे. तुला ठाऊकच आहे, माझं काम लिफ्ट तपासण्याचं. काय तुटू शकेल याचा विचार करण्याचा मला पगार मिळतो आणि घरी आल्यावर तेच काम मी फुकट करतो. पाण्याच्या बाबतीत तर विचारूच नकोस. लेक पोहायला जायला लागल्यापासून तिचा एकच हट्ट: खोल बाजूला उडी मारीन, पण बाबा पाण्यात उभा असेल तरच. (खोल बाजूला उभं कसं राहायचं, हे तिला कोण सांगणार?) मी आपलं तिला म्हणत आलो, की तुझ्या आजोबांनी प्रेमाने दिलेलं घड्याळ भिजेल, आणि काढून ठेवावं तर कुणीतरी लांबवेल. कारण चांगलं चाललं होतं. पण एक दिवस बायको म्हणाली, "मग पाण्यात चालणारं घे ना एकदाचं!" झालं, माझं कारणच बुडालं.

आता मोठ्या दुकानात गेलो असतो तर त्यांनी तिथल्या तिथे मनगटावर बांधून दिलं असतं. म्हणून मी शोधून शोधून अशी कंपनी काढली, जिथे एकच माणूस समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी घड्याळं बनवतो, तीही मागणी नोंदवल्यावर, एकेक करून. पंक्चरच्या दुकानावर त्याची खोली. जिन्यात रबराचा वास, आत टेबलावर चिमटे, भिंग आणि काचेच्या झाकणाखाली सुटे काटे. तो ओशाळून म्हणाला, "साहेब, रांग मोठी आहे, वर्ष तरी जाईल." आत्या, मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, अजिबात घाई करू नका, चांगल्या कामाला वेळ लागतोच. त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. असं समजूतदार गिऱ्हाईक म्हणे त्याला आजवर भेटलंच नव्हतं. तिथेच माशी शिंकली. पुढच्याच महिन्यात कुणीतरी मागणी रद्द केली आणि माझ्या चांगुलपणाचं बक्षीस म्हणून त्याने ते घड्याळ घरी आणून दिलं, तेही थेट लेकीच्या हातात.

मग एकच आशा उरली, त्यात पाणी शिरावं. मी पुन्हा त्याच्या खोलीवर गेलो आणि मला जरा शंका येते म्हणालो. त्याला कोण आनंद! घड्याळ पाण्याच्या भांड्यात घालून तो दाब वाढवत गेला आणि मी देव पाण्यात घालून बसलो. (देवसुद्धा पाण्यात जायला तयार, मीच तेवढा काठावर.) एक थेंब आत जाईल तर शपथ. "दोनशे मीटर खाली गेलात तरी हे चालत राहील," तो म्हणाला. मी चालत राहीन का, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

तर आता ते माझ्या हातावर आहे. काचेभोवती फिरणारं कडं आहे, पाण्याखाली किती वेळ झाला ते समजायला. मी ते साहेबांच्या बैठकीत वापरतो. हात धुताना घड्याळ काढून ठेवतो. बायको बघते आणि टॉवेल पुढे करते, त्याची जास्त भीती वाटते. रविवारी उडी आहे. या वेळीही मारली नाही तर तिला पुन्हा उथळ पाण्यातल्या चिल्ल्यापिल्ल्यांत बसवू, असं तिचे पोहण्याचे मास्तर म्हणाले. तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं, आत्या. माझ्यापायी पोरीचं अडावं हे काही बरोबर नाही.

असो. जिना जपून उतरत जा. आतोबांना नमस्कार.

तुझा (तूर्तास कोरडा) भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी: शनिवारी ये. घरातल्या सगळ्यांना तू पोहायला शिकवलंस, मी तेवढा निसटलो. एका दिवसात होईल तेवढं शिकव, निदान बुडताना ओरडायचं नाही एवढं तरी. घरात कुणाला कळता कामा नये. गुडघे दाखवायला आलीस असं सांगू.

ता. क. २. आत्ताच लेक शेजारी येऊन बसली. मी आपलं सहज विचारलं, समजा बाबाला पोहता येतच नसेल तर? ती म्हणाली, "माहितीये की! आईनं केव्हाच सांगितलंय. म्हणून तर तू पाण्यात पाहिजेस. तुला सांभाळायचं असलं की मला घाबरायला वेळच नाही मिळणार." मी बरं म्हणून बसलो आहे. शनिवारी नको, शुक्रवारीच ये.