‘स्टॉर्म’चं एक तरी उदाहरण

सोमवार, ४ मार्च
इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कामात आज मला ‘स्टॉर्म’ मिळालं. तेही क्रियापद. नाम कोणीही करेल, वादळ लिहिलं की सुटला. क्रियापदाला दम लागतो. बाईंनी (आमच्या मुख्य संपादक) कागद माझ्याकडे सरकवताना क्षणभर निरखून पाहिलं. म्हणजे विचार करूनच दिलंय. शेजारच्या टेबलावरच्या स्वल्पविरामला ‘स्टॉप’ मिळालं. एका वाक्यात चारदा थांबतो म्हणून त्याला आम्ही हे नाव ठेवलंय. त्याला शोभतं.

आमच्या कोशाचा नियम असा, की उदाहरणाचं वाक्य लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातलं हवं. पुस्तकी वाक्य दिसलं की बाई लाल रेघ मारतात. मला अडचण नाही. अनुभव भरपूर आहे.

ही शनिवारी तिच्या भावाकडे गेली आहे. हवापालट. आठवडाभरात येईल.

मंगळवार, ५ मार्च
पर्याय काढले. पहिला अर्थ वादळवाऱ्याचा: ब्लो, रेज. दुसरा चढाईचा: अटॅक, असॉल्ट, रेड. फरक बारीक आहे. अटॅक करून परत येता येतं. स्टॉर्म करणारा आत घुसतोच. तिसरा अर्थ तणतणत येण्याजाण्याचा: स्टॉर्म इन, स्टॉर्म आउट. उदाहरणं उद्या.

गॅसचा लायटर सापडत नाही. हिला फोन केला, उचलला नाही. रेंज नसेल. चहा ऑफिसात घेतला.

गुरुवार, ७ मार्च
काल कंटाळा आला होता. आज ‘स्टॉर्म आउट’ घेतलं. स्वतःचा अनुभव म्हणून हिच्या जाण्याचा प्रसंग तपासून पाहिला. प्रामाणिकपणे सांगायचं तर बसत नाही. स्टॉर्म आउटला आवाज चढलेला हवा, दार आपटलेलं हवं. हिने कप विसळले, ओटा पुसला, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि दार इतकं हळू लावलं, की पेपर वाचून झाल्यावर मला कळलं. म्हणजे राग नाही. कोशाच्या दृष्टीने ही घर सोडून गेलेलीच नाही! फार बरं वाटलं.

संध्याकाळी लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आई आता परत येणार नाही म्हणतेय. मी विचारलं, ओरडून म्हणाली का? लेक म्हणाली, नाही, अगदी शांतपणे. मग काळजीचं कारण नाही, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, त्या दिवशी आत्याला तुम्ही एक शब्द तरी बोलायला हवा होता.

आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. गेल्या महिन्यात ती सगळ्यांसमोर हिला नको नको ते बोलली. आता मी मध्ये पडलो असतो तर वाढलं असतं. शिवाय मी तेव्हा फोनवर बोलत असल्याचं दाखवत होतो. फोनवरचा माणूस मध्येच कसा बोलणार? मुलांना बारकावे कळत नाहीत.

शनिवार, ९ मार्च
अनुभव नसेल तर घ्यायचा! संकल्प: ताईच्या घरात तणतणत शिरायचं, हिला जे बोललीस ते चुकलं म्हणून सुनवायचं. एका दगडात दोन पक्षी. कोशाला वाक्य, हिला समाधान.

गेलो. बेल दाबली. दार उघडेपर्यंत चपला नीट जोडून ठेवल्या. तिथेच जरा जोर कमी झाला असावा. ताई म्हणाली, बरं झालं आलास, माळ्यावरची बॅग काढून दे. काढली. स्टुलावरूनच सुनावणार होतो, पण थोरल्या बहिणीशी उंचावरून बोलणं बरं दिसत नाही. खाली उतरलो तर तिनेच हिच्याबद्दल पुन्हा सुरू केलं. मी ‘हं’ म्हणालो.

पण त्या ‘हं’ला धार होती. ताईला जाणवली असणार.

बुधवार, १३ मार्च
मुदत वाढवून हवी होती. बाईंच्या केबिनमध्ये स्टॉर्म इन करायचं ठरवलं. दाराशी पोचतोय तोच बाई म्हणाल्या, या. एकदा ‘या’ म्हटलं की सगळंच मुसळ केरात. बसलो. बाई म्हणाल्या, जमत नसेल तर स्वल्पविरामला देऊ. मी म्हटलं, छे, बाई, होतच आलंय.

रविवार, १७ मार्च
मोठा दिवस. मेव्हण्याच्या घरावर चढाई. थेट आत शिरायचं आणि हिला म्हणायचं, चल घरी. फक्त दोन शब्द. सकाळी आरशासमोर सराव केला, आवाज छान लागला.

मेव्हण्याने दार उघडंच ठेवलं होतं. उघड्या घरावर चढाई करायची तरी कशी? या भाऊजी, बसा, म्हणाला. ही ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास घेऊन आली. खोकला कसा आहे विचारलं. तब्येत सुधारली आहे तिची. आत भाची काहीतरी म्हणाली तर ही खळखळून हसली. हिला असं हसताना ऐकून किती काळ झाला, मला आठवेना.

मी म्हणालो, लायटर सापडत नाहीये. तिने जागा सांगितली. मग मेव्हणा म्हणाला, भाऊजी, तुमची बस चुकेल. खरंच चुकली असती. ही फाटकापर्यंत आली. शुभ लक्षण. दोन शब्द राहून गेले ते बसमध्ये लक्षात आलं.

मंगळवार, १९ मार्च
लायटर तिने सांगितला तिथेच होता. म्हणजे तिचं मन अजून घरातच आहे.

शुक्रवार, २२ मार्च
नोंद दिली. ‘तो तणतणत खोलीत शिरला’ हे वाक्य बाईंनी दोनदा वाचलं आणि विचारलं, तो कोण? मी म्हटलं, मीच. बाई चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. लाल रेघ मारली आणि कागद स्वल्पविरामकडे दिला.

त्याने जेवणाच्या सुट्टीत संपवलं. मागच्याच आठवड्यात म्हणे तो बायकोशी भांडून तणतणत घराबाहेर पडला, ती तशीच तणतणत जिन्यापर्यंत मागे आली, आणि शेजारी बघायला लागले तेव्हा दोघं हसत घरात गेले. सांगतानाही तो चारदा थांबला. मला त्याचा हेवा वाटला. आमच्या घरात एक कप फुटला नाही कधी.

शनिवार, २३ मार्च
मेव्हण्याचा फोन. ही उद्या सकाळी येतेय! मी म्हणालो होतोच. फरशी पुसली, पडदे धुतले. संकल्प: ती आत आल्या आल्या ताईचा विषय मीच काढणार. चुकलं माझं, बोलायला हवं होतं, असं स्पष्ट म्हणणार. मग ती ओरडली तर ओरडू दे. ओरडलीच पाहिजे.

रविवार, २४ मार्च
दाढी करून तयार होतो. ही आली, बरोबर टेम्पोवाला. शिलाई मशीन न्यायला आली होती. तिकडे कपडे शिवायचं काम धरलंय म्हणाली. पडदे धुतलेले पाहिले, छान झालेत म्हणाली.

मी म्हणालो, ऐक ना, ताईचं ते. ती म्हणाली, जाऊ द्या हो, आता त्याचं काही नाही. खरंच काही नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

टेम्पोवाला एकटाच होता. दुसरी बाजू धरायला कोणी आहे का, विचारत होता. मी धरली. फार जड असतं मशीन. जिन्याच्या वळणावर मीच म्हणालो, सांभाळून, कठड्याला लागेल. खाली नेऊन टेम्पोत चढवलं, दोरी बांधायलाही मदत केली. ही म्हणाली, बरं झालं तुम्ही होतात.

ती पुढे बसली. टेम्पोवाल्याने मला विचारलं, तुम्ही पण येताय का, जागा आहे. मी हिच्याकडे पाहिलं. ती मागे वळून मशीनची दोरी बघत होती.

मी म्हणालो, नाही, मी इथेच राहतो.